मुलींच्या शिक्षणासाठी सीएसआर निधी: आठवीनंतरची गळती थांबवणारा प्रकल्प कसा उभारायचा

शिक्षणहक्क कायदा, २००९ मुलीच्या पाठीशी चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत उभा राहतो. पुढचा रस्ता तिचा तिला काढावा लागतो. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीला संपते, नववीचा वर्ग दुसऱ्या गावात असतो, एसटीची वेळ जुळत नाही, घरी धाकटी भावंडं असतात आणि नात्यात लग्नाचा विषय निघू लागतो. दहावीनंतर हीच अडचण मोठी होऊन पुन्हा समोर येते. कंपनीला मुलींच्या शिक्षणासाठी काही करायचं असेल, तर पैसा आठवी ते नववी आणि दहावी ते अकरावी या दोन वळणांवर लावला पाहिजे. पहिलीतली मुलगी दप्तर नाही म्हणून शाळा सोडत नाही. नववीतली मुलगी मात्र सहा किलोमीटर अंतरापायी सोडते.

ज्या कंपनीकडे सीएसआरचे, म्हणजे सामाजिक दायित्वाच्या कामांसाठी काढून ठेवायचे, वर्षाला दहा-वीस लाख असतात, स्वतंत्र विभाग नसतो आणि मनुष्यबळ विभागातली एखादी व्यक्ती किंवा कंपनी सचिवच हे काम सांभाळतात, अशा कंपनीसाठी हा लेख आहे. एवढ्या पैशात एका तालुक्यातल्या शंभर-सव्वाशे मुलींचं काम नीट होऊ शकतं. जिल्हाभर पसरलं की मात्र ते कुठेच धड होत नाही.

आधी पैशाचा हिशेब

कंपनी कायदा, २०१३च्या कलम १३५नुसार, आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एक जरी मर्यादा गाठली असेल तरी कंपनीला सीएसआर लागू होतो. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. हा नफा कलम १९८च्या पद्धतीने, करापूर्वीचा धरतात. समजा तीन वर्षांचा नफा ६ कोटी, साडेसात कोटी आणि ९ कोटी आहे. सरासरी साडेसात कोटी आली, म्हणजे सीएसआरची रक्कम १५ लाख. ती ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ते काम करतं. पुढची सगळी उदाहरणं याच १५ लाखांवर बेतली आहेत.

कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण, महिलांसाठी रोजगारक्षम कौशल्यं, स्त्री-पुरुष समानता आणि महिलांसाठी वसतिगृहं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून विषय बसतो की नाही याची चिंता नको. हिशेब चुकतात ते दुसरीकडेच.

फक्त कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या मुलींसाठी योजना काढली तर ती सीएसआरमध्ये धरत नाहीत. कंपनीतले जुने संगणक शाळेला दिले तर त्यांची किंमत खर्चात दाखवता येत नाही, आणि कर्मचाऱ्यांनी शनिवारी जाऊन शिकवलं तर त्या वेळेचीही रक्कम लावता येत नाही. दोन्ही जरूर करावं, फक्त ते २ टक्क्यांच्या बाहेर राहील. इमारत, संगणक कक्ष अशी स्थावर-जंगम मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती सीएसआर नोंदणी क्रमांक असलेल्या संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या गटाच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या नावावर जावी लागते. १ ऑक्टोबर २०२३पासून सीएसआरसाठी घेतलेल्या वस्तू-सेवांवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, त्यामुळे अंदाजपत्रक जीएसटी धरूनच करावं.

प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५ टक्के आहे, आणि तिच्याबद्दल जेवढा गैरसमज आहे तेवढा दुसऱ्या कशाबद्दल नसेल. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. गावात फिरणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन, शिकवणाऱ्या ताईंचं वेतन, प्रकल्पाची पाहणी हा प्रकल्पाचाच खर्च असतो. “पगारावर पैसा नको, वस्तूंवर करा” असं सांगणारी कंपनी कायद्याचं नाव घेऊन स्वतःच्याच प्रकल्पाचा कणा काढून टाकते. शाळा सोडायला निघालेल्या मुलीच्या घरी तीनदा जाऊन आईवडिलांशी बोलणारी बाई वहीपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाची आहे.

वर्ष एप्रिलचं की जूनचं?

कंपनीचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि महाराष्ट्रातली शाळा जूनच्या मध्यावर. या अडीच महिन्यांच्या फरकाने बरेच प्रकल्प पहिल्याच वर्षी अडखळतात. एप्रिल-मेमध्ये मंजुरीची चर्चा, जुलैमध्ये करार, ऑगस्टमध्ये पहिला हप्ता. तोवर नववीचे प्रवेश आटोपलेले असतात आणि ज्या मुली थांबायच्या त्या थांबलेल्या असतात. मग मार्चमध्ये पैसा उरतो आणि घाईने काहीतरी वाटलं जातं.

क्रम असा ठेवावा. डिसेंबर-जानेवारीत तालुका आणि संस्था ठरवा. फेब्रुवारीत संचालक मंडळाकडून वार्षिक कृती आराखडा मंजूर करून घ्या. मार्चमध्ये सामंजस्य करार करा आणि पहिला हप्ता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्या. एप्रिलमध्ये आठवीच्या मुली अजून शाळेत भेटतात, यादी तेव्हाच होते. मे महिना घरभेटींचा आणि जून प्रवेशाचा.

मंडळाच्या ठरावात हा प्रकल्प “चालू प्रकल्प” म्हणून मंजूर झाला पाहिजे. असा प्रकल्प सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षं चालू शकतो, म्हणजे एकूण चार. एक मुलगी नववीत आल्यापासून बारावीपर्यंत चारच वर्षं लागतात. कायद्याने दिलेली मुदत आणि मुलीला लागणारी मुदत इथे नेमकी जुळते, तिचा फायदा घ्यावा. न खर्च झालेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, वेगळ्या “अखर्चित सीएसआर खात्यात” टाकली की ती पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच प्रकल्पावर वापरता येते. प्रकल्प “चालू” म्हणून मंजूर नसेल, तर उरलेली रक्कम सहा महिन्यांत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या, परिशिष्टात नमूद केलेल्या निधीत भरावी लागते.

लेखापरीक्षणात हमखास निघणारी आणखी एक बाब. संस्थेच्या खात्यात पैसे वर्ग केले म्हणजे खर्च झाला, असं होत नाही. संस्थेने ते वापरल्यावर तो खर्च धरतात. निधी मंजूर कामासाठी आणि ठरल्या रीतीने वापरला गेला, हे मुख्य वित्त अधिकाऱ्याने प्रमाणित करायचं असतं. म्हणून हप्ते तीन ठेवावेत: एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबर. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शिल्लक तपासावी.

मुली कुठे गळतात हे स्वतः मोजा

तालुका निवडताना कारखान्याच्या आसपासचाच घ्यावा. कायदाही स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि तिथे कंपनीची माणसं महिन्यातून एकदा सहज जाऊ शकतात. मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटून एका माध्यमिक शाळेला मुली पुरवणारी पाच-सहा गावं शोधा. घटक असा असावा: एक माध्यमिक शाळा आणि तिच्याकडे येणारी सगळी गावं. गावं सुटी-सुटी निवडली तर आठवीतून नववीत कोण पोहोचलं हे कळायला मार्ग राहत नाही.

परवानग्या दोन ठिकाणच्या लागतात. आठवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळांसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक), नववीपासून शिक्षणाधिकारी (माध्यमिक). माध्यमिक शाळा बहुतांशी खासगी अनुदानित असतात, तिथे शिक्षण संस्थेच्या अध्यक्षांचं किंवा सचिवांचं लेखी संमतिपत्रही घ्यावं. फक्त मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर काम सुरू केलं आणि त्यांची बदली झाली, की सगळं पहिल्यापासून.

पाहणीसाठी प्रत्येक गावात दोन दिवस पुरतात. मागच्या तीन वर्षांत आठवी पास झालेल्या मुलींची यादी शाळेच्या जनरल रजिस्टरवरून घ्या. ती घेऊन अंगणवाडी सेविका आणि आशाताईंसोबत बसा. कोणती मुलगी कुठे आहे हे त्यांना ठाऊक असतं. प्रत्येक नावापुढे पाचपैकी एक नोंद करा: शिकते आहे, घरी आहे, कामाला जाते, लग्न झालं, गाव सोडलं. शिकत नसलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन कारण विचारा, आणि मुलीला आईपासून थोडं बाजूला घेऊनही विचारा. घरच्यांनी सांगितलेलं कारण आणि मुलीचं कारण बऱ्याचदा वेगळं निघतं. घरचे म्हणतात “तिलाच गोडी नाही.” मुलगी सांगते की गणित सहावीपासूनच कळेनासं झालं होतं, किंवा रस्त्यावर पोरं त्रास द्यायची.

त्याच वेळी सातवी-आठवीत असलेल्या मुलींची वाचन-गणिताची साधी चाचणी घ्या. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीची साधनं सर्वांसाठी खुली आहेत: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे वाचनाचे टप्पे, आणि गणितात वजाबाकी-भागाकारापर्यंत. एका मुलीला पाच-सात मिनिटं लागतात. आठवीतल्या ज्या मुलीला गोष्ट सलग वाचता येत नाही, ती नववीत टिकणं अवघड आहे आणि तिला सायकल देऊन ते सुटणार नाही. हे आधीच कळलं तर पैसा योग्य जागी जातो.

संस्था निवडताना आणि करार करताना

संस्थेकडे तीन गोष्टी हव्यातच: सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला नोंदणी क्रमांक, प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी नोंदणी, आणि अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. कागद पाहून झाले की त्यांच्या चालू कामाच्या एका गावात न कळवता जा. तिथल्या मुलींना कार्यकर्तीचं नाव माहीत आहे का, एवढं पाहिलं तरी बरंच समजतं.

करारात “जागृती करणे”, “प्रोत्साहन देणे” अशी वाक्यं असतील तर ती काढून टाका. त्याऐवजी लिहा: यादीतल्या १२० मुली, त्यांपैकी आठवी पास झालेल्या किती जणींचा नववीत प्रवेश, महिन्याला किती घरभेटी, आठवड्याला किती तास वर्ग, कोणत्या तारखेला कोणता अहवाल. कार्यकर्त्यांची नेमणूक स्थानिक स्त्रियांमधून आणि पोलीस पडताळणी करून, हे कलम हवंच. हप्ता उशिरा आला तर काय करायचं, हेही लिहा. कंपनीकडून दोन महिने उशीर होतो, मानधन थकतं आणि चांगली कार्यकर्ती काम सोडून जाते, हे फार ठिकाणी घडतं.

१५ लाखांचा नमुना आराखडा असा मांडता येईल. दर आपापल्या भागाप्रमाणे बदलावेत, प्रमाण मात्र फार हलवू नये.

- एक समन्वयक, महिना २५,००० प्रमाणे: ३,००,०००
- तीन अर्धवेळ ताई, महिना प्रत्येकी ९,००० प्रमाणे: ३,२४,०००
- ४५ मुलींचा प्रवास, महिना ६०० प्रमाणे दहा महिने: २,७०,०००
- ३० मुलींना प्रवेशाच्या वेळची मदत, प्रत्येकी ६,०००: १,८०,०००
- अभ्याससाहित्य आणि चाचण्या, १२० मुली, प्रत्येकी १,२००: १,४४,०००
- दोन शाळांतल्या स्वच्छतागृहांची देखभाल, महिना प्रत्येकी ४,०००: ९६,०००
- दाखले आणि फॉर्म: ४०,०००
- कार्यकर्त्यांचं आणि बालसंरक्षणाचं प्रशिक्षण: ३६,०००
- बाहेरच्या व्यक्तीकडून पाहणी आणि लेखापरीक्षण: ६०,०००
- अचानक येणाऱ्या गरजा: ५०,०००

यात कंपनीने स्वतःच्या प्रशासकीय खर्चासाठी काहीही घेतलेलं नाही. एवढ्या छोट्या रकमेत घेऊही नये.

प्रवास

नववीनंतरच्या मुलीसाठी अंतर हा पैशाइतकाच सुरक्षिततेचा प्रश्न असतो. बिहारमध्ये २००६मध्ये नववीतल्या मुलींना सायकली देणारी सरकारी योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुलगा-मुलगी यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली, आणि शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत परिणाम सर्वाधिक दिसला. तो अभ्यास सायकलीकडे दोन बाजूंनी पाहायला शिकवतो. लांबच्या मुलीला तिने शाळेत पोहोचवलं. शाळा गावातच असलेल्या मुलीच्या हाती ती दिली तर फरक पडायचं कारण नाही.

म्हणून वाहन अंतरावरून ठरवा. दोन किलोमीटरच्या आत असेल तर मुलींचे गट करून एकत्र चालत जाणं पुरतं. दोन ते सहा किलोमीटर आणि रस्ता सपाट असेल तर सायकल. त्याहून लांब किंवा घाटरस्ता असेल तर बस किंवा सामायिक वाहन. सायकलींसोबत दर दहा सायकलींमागे एक पंप, पंक्चरचं साहित्य, दोन जादा ट्यूब आणि ब्रेकचे रबर द्या, आणि तीन महिन्यांतून एकदा दुरुस्तीचा दिवस ठेवा. याविना पावसाळा संपेपर्यंत बऱ्याच सायकली भिंतीला टेकून उभ्या राहतात. सायकल येत नसलेल्या मुलींना जूनमध्येच मैदानावर शिकवा. सायकल मिळूनही लाजेपोटी न वापरणाऱ्या मुली असतात.

एसटीच्या बाबतीत पैशापेक्षा पाठपुरावा लागतो. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, आणि मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी बस आणि सायकलीची योजना आहे. पासावर कंपनीने पैसा घालू नये. खरी अडचण वेळेची असते: शाळा पाचला सुटते आणि गाडी साडेसहाला येते. मुलींची गावनिहाय संख्या, शाळेचं पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडून आगार व्यवस्थापकांकडे अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि दर पंधरा दिवसांनी जाऊन भेटा. गाडीची वेळ बदलून घेणं हे समन्वयकाच्या वर्षातल्या सर्वांत मोलाच्या कामांपैकी एक ठरू शकतं. सामायिक वाहन लावलंच तर परवाना, योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि सोबत एक स्त्री मदतनीस या चार गोष्टींवर तडजोड नको.

स्वच्छतागृह बांधणं आणि चालवणं

स्वच्छ विद्यालय अभियानात सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांनी २०१४-१५च्या सुमारास शाळांमध्ये एक लाखाहून अधिक स्वच्छतागृहं बांधली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी त्यांतल्या काहींची प्रत्यक्ष पाहणी केली आणि तो अहवाल २०२०मध्ये संसदेत मांडला गेला. पाहणी केलेल्यांपैकी ७२ टक्के स्वच्छतागृहांत वाहतं पाणी नव्हतं, ५५ टक्के ठिकाणी हात धुण्याची सोय नव्हती आणि ३० टक्के वापरातच नव्हती. बांधकामाला पैसा होता. पाण्याची, सफाईची आणि दुरुस्तीची जबाबदारी पुढे नेमकी कुणाची, हे ठरलेलं नव्हतं.

नवीन बांधण्याआधी जुनी चालू करा. छतावर टाकी, तीत पाणी चढवायला मोटार, विजेचं बिल कोण भरणार त्याचा लेखी करार, आतून लागणारी कडी, खिडकीला जाळी, झाकणाची बादली, साबण. सफाईसाठी गावातल्याच कुणाला तरी दरमहा मानधन द्यावं. आराखड्यातले ४,००० त्यासाठीच आहेत. सफाई मुलींकडून करून घेतली जात नाही ना, हे भेटीत पाहावं. कुलूप असेल तर किल्ली मुलींच्या हाती पडते का हे मुलींनाच विचारावं, कारण ती बऱ्याचदा कार्यालयाच्या कपाटात असते. सॅनिटरी पॅड दिले तर विल्हेवाटीची सोय त्याच दिवशी हवी.

अभ्यास

इथे गावातली बारावी किंवा पदवी झालेली ताई सर्वांत उपयोगी पडते. एका ताईकडे चाळीसपेक्षा जास्त मुली नकोत, आणि त्यांचेही वीस-वीसचे दोन गट. आठवड्याला पाच दिवस, दीड तास, शाळा सुटल्यावर शाळेतच. घरी गेलेली मुलगी पुन्हा बाहेर पडू शकत नाही. गट इयत्तेप्रमाणे न करता चाचणीच्या टप्प्याप्रमाणे करावेत. पहिले तीन महिने वाचन आणि मूलभूत गणित, मगच नववीचं गणित, विज्ञान आणि इंग्रजी. शाळेचे शिक्षक याला विरोध करतील अशी भीती असते; दर महिन्याला मुख्याध्यापकांसमोर निकाल ठेवला तर सहसा तेच मुली सुचवू लागतात.

महिंद्रा समूहाच्या के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्टने १९९६मध्ये सुरू केलेल्या ‘नन्ही कली’ प्रकल्पाचा गाभाही शाळेला जोडून दिलेला रोजचा अभ्यास आणि त्यासोबत साहित्य, असाच राहिला आहे. छोट्या कंपनीने वेगळं काही शोधत बसण्याऐवजी एवढं सातत्य आणलं तरी पुरे.

दाखले आणि फॉर्म: सर्वांत स्वस्त, सर्वांत दुर्लक्षित

सरकारी सवलती पुष्कळ आहेत आणि त्या कागदाअभावी हुकतात. आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा होते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेली मुलगी निवडली गेली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पुढे तंत्रशिक्षणाच्या पदवी-पदविकेसाठी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) ‘प्रगती’ शिष्यवृत्ती वर्षाला ५०,०००ची आहे. महाराष्ट्रात २०२४-२५पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती-जमातींसारख्या प्रवर्गांतल्या मुलींसाठी स्वाधार आणि स्वयम् योजना आहेत. कंपनीच्या एका रुपयातून सरकारचे अनेक रुपये मुलीपर्यंत पोहोचतात ते या कामात.

नववीतच प्रत्येक मुलीची एक फाइल करा: जन्माचा दाखला, आधार, शाळेच्या नोंदीतलं नाव, आईचं नाव, बँक खातं. सगळीकडे नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच आहे का ते तपासा. फरक असेल तर नववीतच दुरुस्त करा. दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चूक उतरली की तिची दुरुस्ती फार जिकिरीची होते. मार्च-एप्रिलनंतर उत्पन्नाचा नवा दाखला काढावा लागतो. जातीचा दाखला दहावीत आणि जात वैधतेचा अर्ज अकरावीतच टाकावा, कारण त्याला महिने लागू शकतात आणि व्यावसायिक प्रवेशाच्या वेळी तो नसला की हक्काची जागा हातची जाते. वर्षातून दोनदा आपले सरकार सेवा केंद्राच्या चालकाला शाळेत बोलावून शिबिर घ्या.

अकरावीचा प्रवेश २०२५-२६पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांसोबत दिवसभर शेतावर असतो, तिथे ओटीपी चुकतो, फेरी चुकते. निकालाच्या दिवसापासून तीन आठवडे शाळेत एक मदत टेबल, एक लॅपटॉप आणि एक ताई ठेवा. पसंतीक्रम भरताना मुलीसोबत प्रवासाचाही विचार करा. नाव मोठं पण पोहोचता न येणारं महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकलं, की प्रवेश होतो आणि मुलगी दिवाळीत घरी बसते.

शिष्यवृत्ती द्यायची तर

मोठ्या संस्थांची उदाहरणं डोळ्यांसमोर असतात. इन्फोसिस फाउंडेशनने २०२३मध्ये विज्ञान-तंत्रज्ञान शाखांतल्या मुलींसाठी वर्षाला एक लाखापर्यंत, चार वर्षं, अशी शिष्यवृत्ती जाहीर केली. अझीम प्रेमजी फाउंडेशन सरकारी शाळेतून दहावी-बारावी झालेल्या मुलींना पदवी-पदविकेसाठी वर्षाला ३०,००० देते. पात्र मुलींचे असे अर्ज भरून देणं हेही तुमचंच काम समजा. तुमच्या मर्यादित पैशाने मात्र जिथे या योजना पोहोचत नाहीत ती फट भरावी: प्रवेशाच्या दिवशी लागणारे रोख पैसे, वसतिगृहाची अनामत, पहिल्या महिन्याची खानावळ. सरकारी शिष्यवृत्ती खात्यात यायला वर्ष उलटू शकतं, मुलीला पैसे जुलैत लागतात.

पैसे तिच्याच नावच्या खात्यात टाका. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचं बचत खातं चालवता येतं. पुढच्या वर्षीच्या हप्त्यासाठी टक्केवारीची अट ठेवू नका. साठ टक्क्यांची अट नेमक्या त्या मुलीला बाहेर टाकते जिच्या घरात अभ्यासाला जागा नाही. एक विषय राहिला तर पुरवणी परीक्षेपर्यंत मदत चालू ठेवा. उपस्थिती आणि परीक्षेला बसणं, एवढी अट पुरे.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असलेल्या गावांत वेगळी तजवीज लागते. दिवाळीनंतर आईवडील निघाले की मुलगी सोबत जाते किंवा मागे घर सांभाळते. सप्टेंबरमध्येच अशा मुलींची यादी करून हंगामी वसतिगृहासाठी शाळेमार्फत प्रस्ताव पाठवा, आणि आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलींच्या घरी ताईंची आठवड्याला एक भेट ठरवा.

शाळा सुटलेल्या मोठ्या मुली आणि बायका

पाहणीत लग्न झालेल्या, घरी बसलेल्या मुलीही सापडतील. त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावी-बारावीला बसणं, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, आणि पुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ हे मार्ग आहेत. १७ नंबरच्या फॉर्मची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते, म्हणून पाहणी होताच तारीख पाहून ठेवा. वर्गाची वेळ बायकांना विचारून ठरवावी. दुपारी एक ते तीन बहुधा जमतं, पेरणी-काढणीत नाही. लहान मुलांना सांभाळायला शेजारच्या खोलीत एक मावशी हवी, नाहीतर महिन्याभरात निम्मा वर्ग रिकामा होतो. लग्नानंतर आधारवर नाव बदललेलं असतं आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद लागेल का, हे आधीच विचारून घ्यावं.

सुरक्षितता आणि फोटो

पॉक्सो कायदा, २०१२नुसार अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना देण्याचं बंधन आहे, आणि त्यात तुमची ताई, समन्वयक आणि भेटीला आलेले कंपनीचे अधिकारीही आले. कोणाला फोन करायचा, मुलीला काय सांगायचं आणि काय विचारायचं नाही, याचं एक पान प्रत्येकाजवळ असावं. चाइल्डलाइनचा १०९८ क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहा. कंपनीच्या कुणीही मुलीला एकट्याने भेटू नये, तिचा खासगी फोन क्रमांक घेऊ नये. अठरा वर्षांखालच्या मुलींची माहिती ठेवताना पालकांची पडताळता येणारी संमती घेणं २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला अपेक्षित आहे. अहवालात मुलीचं नाव, गाव आणि चेहरा एकत्र छापू नका. गावातल्या पंधरा वर्षांच्या मुलीचा “गरीब घरातली” म्हणून फोटो फिरला, की त्याचा त्रास तिलाच होतो.

मोजायचं काय

किती वाटलं हे वर्षअखेरीच्या हिशेबात राहू द्या. प्रकल्प चालतो की नाही हे चार आकड्यांवरून कळतं: यादीतल्या किती मुली नववीत पोहोचल्या, किती अकरावीत, चाचणीत किती जणी एक टप्पा वर गेल्या, आणि अठराच्या आत किती जणींची लग्नं झाली. मुलींची प्रत्यक्ष मोजणी वर्षात तीनदा करा: जुलैच्या मध्यावर, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि संक्रांतीनंतर. हजेरीपटावर विसंबू नका, वर्गात जाऊन डोकी मोजा. भाजक कायम मूळ यादीचाच ठेवा. सोडून गेलेल्या मुली यादीतून वगळून “शंभर टक्के यश” दाखवणारा अहवाल आला तर तो परत पाठवा.

राजस्थानात २०१५ ते २०१८ या काळात ‘एज्युकेट गर्ल्स’ या संस्थेने निकालावर पैसे मिळण्याचा करार केला होता. यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने आधी पैसे घातले, आणि सीआयएफएफ (चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशन) या संस्थेने बाहेरच्या मूल्यमापनकर्त्याने तपासलेल्या निकालाप्रमाणे त्यांची परतफेड केली. त्यात ८० टक्के भार मुलं काय शिकली यावर आणि २० टक्के शाळाबाह्य मुलींच्या प्रवेशावर होता. तीन वर्षांनी दोन्ही उद्दिष्टं ओलांडली गेली. ९२ टक्के शाळाबाह्य मुलींचे प्रवेश झाले. तुम्हाला असा गुंतागुंतीचा करार करायची गरज नाही. पण पाहणी करणारी व्यक्ती संस्थेची नको आणि कंपनीचीही नको, हा त्यातला भाग १५ लाखांच्या प्रकल्पालाही लागू पडतो. मूल्यमापनाची कायदेशीर सक्ती सरासरी दहा कोटी किंवा त्याहून अधिक सीएसआर असलेल्या कंपन्यांना, त्यांच्या एक कोटीच्या आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांपुरती आहे. तुम्ही ते स्वतःसाठी करायचं आहे.

चौथ्या वर्षाचा मार्च

प्रकल्पाची मुदत चौथ्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चला संपते. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मेमध्ये आणि पदवीचे प्रवेश जून ते ऑगस्ट. म्हणजे चार वर्षं सोबत केलेली मुलगी तिसऱ्या वळणावर पोहोचते तेव्हाच ताईंचं मानधन बंद झालेलं असतं. यावर उपाय आधीच करून ठेवावा लागतो. चौथ्या वर्षाच्या जानेवारीत संचालक मंडळापुढे पुढच्या वर्षासाठी एक छोटा स्वतंत्र प्रकल्प ठेवा: एप्रिल ते सप्टेंबर, एक ताई, मदत टेबल, आणि प्रवेशाच्या वेळची रक्कम फक्त बारावीच्या मुलींसाठी. त्याच महिन्यात मुलींच्या फाइली, आगाराशी झालेला पत्रव्यवहार, स्वच्छतागृहाच्या देखभालीचा करार आणि अर्जांच्या तारखांचा तक्ता मुख्याध्यापक आणि शाळेच्या समितीच्या हवाली करा, आणि एप्रिलमध्ये नववीत येणाऱ्या नव्या मुलींची यादी त्यांच्यासोबत बसून करा.